आधी कडी तपासा, मग पाठ

गेल्या महिन्यातील गोष्ट. सकाळी साडेसातची वेळ, दवाखाना अजून उघडायचा होता. दारावरची बेल वाजली म्हणून पाहिले तर पलीकडच्या आळीतील एक परिचित गृहस्थ उभे. अंगात बनियन, पायात चप्पल नाही. "डॉक्टर, आधी चला. ही पडलीय."

त्यांच्या पत्नी माध्यमिक शाळेत शिक्षिका, वय सेहेचाळीस. कंबरदुखीसाठी दोन वर्षे माझ्याकडे येतात. जाऊन पाहतो तर बाई हॉलमध्ये फरशीवर आडव्या पडलेल्या. भोवती जांभळ्या रंगाचे वीसेक हात कापड पसरलेले आणि कापडाच्या टोकाशी छताचा हुक, सिमेंटच्या ढेकळासकट. पंखा सोफ्यावर उतरवून ठेवलेला. वर छताला आंब्याएवढे भगदाड.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. छताला मजबूत, ताणले जाणारे कापड झोळीसारखे टांगायचे, त्यात बसून, पालथे पडून किंवा कंबर अडकवून उलटे लोंबकळत आसने करायची. याला हवाई योग म्हणतात. मोठ्या शहरांत याचे वर्ग चालतात. आता ते कापड मोबाईलवर मागवता येते आणि चार दिवसांत घरपोच येते. कापड येते, दोऱ्या येतात, चकचकीत कड्या येतात. छत मात्र आपल्याच घरचे वापरायचे असते.

बाईंचे दैव बलवत्तर. आधी खांदा आपटला, डोके नंतर टेकले. कॉलरबोन मोडले, पण मान शाबूत राहिली. हात झोळीत बांधताना त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच म्हणाला होतात, जरा लटकत जा, पाठ मोकळी होईल." मी म्हणालो होतो हे खरे आहे. बाहेर वीस रोगी बसलेले असताना, चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणालो होतो. कशाला लटकायचे हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. आम्ही डॉक्टर मंडळी 'व्यायाम करा' म्हणतो आणि पुढच्या रोग्याला आत बोलावतो. हा लेख त्या चुकीची भरपाई समजावी.

माझे म्हणणे एवढेच की, या व्यायामात पहिला प्रश्न आसनाचा नाही, कडीचा आहे. त्याचे खात्रीचे उत्तर मिळत नसेल तर झोका टांगू नये. मग पाठ कितीही दुखत असो आणि कापडाला कितीही पैसे पडलेले असोत.

आपल्याकडे टांगण्याची विद्या नवी नाही. कोकणातल्या जुन्या घरी ओटीवर किंवा माजघरात झोपाळा असे, त्यावर तीन माणसे बसून पान खात. त्याच्या कड्या पाहिल्या आहेत का? सुतार तुळईला आरपार भोक पाडी, त्यातून बोटाएवढी सळई घाली आणि वरच्या अंगाला लोखंडी पट्टी ठेवून चाकी आवळी. म्हणजे कडी निसटायची तर ती तुळई फोडूनच निसटली असती. वजन चार साखळ्यांवर वाटलेले, आणि पाट जमिनीपासून जेमतेम दीड हात उंच. तालमीतला दोराचा मल्लखांब घ्या. खाली गादी आणि शेजारी वस्ताद असल्याशिवाय मुलाला दोराला हात लावू देत नाहीत. बी. के. एस. अय्यंगार यांनी योगासनांत दोरांचा वापर पुष्कळ रूढ केला. १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या पुण्याच्या संस्थेतही भिंतीला दोर असतात, पण तिथे शिकवणारा जवळ उभा असतो. यातले काहीही पंख्याच्या हुकाला बांधलेले नाही.

पंख्याचा हुक पंख्यासाठी असतो. पंखा चार-पाच किलोंचा, तो आपल्या जागी गरगरत राहतो. माणूस सत्तर किलोंचा. तो स्थिर लटकला तर कडीवर सत्तर किलो भार येतो. पण त्याने एकदम अंग टाकले तर तोच भार क्षणभर दुप्पट, म्हणजे एकशेचाळीस किलो होतो. उंचावरून झोळीत झेप घेतली तर त्याहूनही जास्त. झोका घेताना दोर पार आडवा होईपर्यंत मागे नेऊन सोडला तर खाली येताना कडीवर तिप्पट ओढ बसते, दोनशेदहा किलो. "मी आधी हळूच लटकून पाहिले, काही झाले नाही" हे म्हणणे म्हणून कामाचे नाही. बाईही आठ दिवस लटकत होत्या. हुक नवव्या दिवशी सुटला.

माझा एक स्नेही सिव्हिल इंजिनियर आहे. त्याला ते भगदाड दाखवले. इमारत तीसेक वर्षांची, समुद्र पंधरा मिनिटांच्या चालीवर. त्याने आतली सळई दाखवली. दिसायला बोटाएवढी जाड, पण गंजाचे पापुद्रे खरवडल्यावर आत पेन्सिलीतल्या शिशाएवढे लोखंड उरलेले. लोखंड गंजले की फुगते, फुगले की भोवतालचे काँक्रीट तडकते, तडकले की आणखी पाणी आणि खारी हवा आत शिरते. बाहेरून मात्र रंग दिलेला, त्यामुळे सारे ठीक दिसते. छताला तांबूस डाग, बारीक भेगा, सुटणारे पोपडे किंवा ओल यांपैकी काहीही असेल तर तिथे कपड्याची दोरीसुद्धा बांधू नये, असे तो म्हणाला. मग त्याने हातोडीने छत ठिकठिकाणी ठोकून पाहिले. काही जागी खणखणीत आवाज, काही जागी बद्द. मला मौज वाटली, कारण आम्हीही छाती अशीच ठोकून पाहतो. ही रीत प्रथम लिहून प्रसिद्ध केली ती आउएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टराने, १७६१ साली. त्याचे वडील खानावळ चालवीत, आणि पिंपात दारू किती उरली हे पिंप ठोकून कळते. असो.

आता ज्यांना झोका टांगायचाच आहे त्यांच्यासाठी इंजिनियर मित्राने सांगितलेले माझ्या शब्दांत देतो. शोभेचे पीओपीचे छत हे छत नव्हेच. त्याच्या चौकटीला काही बांधू नये, कडी थेट वरच्या स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये हवी. पत्र्याच्या घरात, पोकळ विटांच्या छतात किंवा स्लॅब कसला आहे हे माहीत नसलेल्या घरात हा विचारच सोडावा. काँक्रीट भरीव आणि निरोगी असेल तर भोक पाडून घट्ट बसणारे लोखंडी अँकर बोल्ट किंवा रसायनाने चिकटवलेले बोल्ट वापरतात. आपला नेहमीचा इलेक्ट्रिशियन वापरतो ती प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू फोटो टांगण्यापुरते. बोल्टाची खोली प्लॅस्टर सोडून मोजायची, कारण प्लॅस्टरला ताकद नसते. स्लॅबच्या कडेला बोल्ट घेऊ नये, तिथले काँक्रीट फुटते. भोक पाडताना आतली सळई कापली जाऊ नये आणि विजेची नळी लागू नये. वर गच्ची किंवा दुसऱ्याचे न्हाणीघर असेल तर गळतीचा प्रश्न उद्भवतो, आणि त्याहून मोठा प्रश्न वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचा.

कड्या दोन हव्यात, दीड-दोन फूट अंतरावर, म्हणजे दोऱ्या सरळ खाली येतील. दोन कड्या खोलीच्या दोन टोकांना मारून झोळी मध्ये ताणली तर गणित बिघडते. दोरी उभ्या रेषेपासून साठ अंश कलली की प्रत्येक कडीवर निम्मे नव्हे, पूर्ण वजन येते. इंग्रजी एस अक्षरासारखे आकडे वापरू नयेत. दोरी सैल पडली की तिचा फास त्यातून निसटतो. गिर्यारोहक वापरतात ते कॅराबिनर घ्यावेत. त्यांवर वीस-बावीस किलोन्यूटन असा आकडा कोरलेला असतो, म्हणजे सुमारे दोन हजार किलोंची ओढ. तसाच दिसणारा किल्ल्यांचा आकडा बाजारात पन्नास रुपयांना मिळतो. तो किल्ल्यांसाठीच आहे. ज्यांच्या घरी जुनी लाकडी तुळई आहे त्यांनी वाळवी आणि भुंगा पाहून, तुळई चांगली असेल तर तिच्याभोवती रुंद पट्टा गुंडाळावा. हुक पिळून बसवण्यापेक्षा ते बरे.

हे सारे बसवल्यावर पहिला माणूस आपण होऊ नये. सिमेंटच्या पन्नास किलोंच्या गोण्या एकेक करून झोळीत ठेवाव्यात, जमिनीपासून वीतभरच उंच, आणि रात्रभर तशाच राहू द्याव्यात. तीन गोण्या टांगून सकाळी कडी जरासुद्धा सरकलेली नसेल तर पुढचे बोलू. अर्थात इंजिनियरने छत पाहिलेले नसेल तर या परीक्षेलाही अर्थ नाही, कारण आज टिकलेली कडी सहा महिन्यांनी टिकेलच असे नाही. दर वेळी वर चढून नजर टाकावी. इंजिनियरची फी कापडाच्या किमतीपेक्षा जास्त होईल, याची मला कल्पना आहे. लोकांना तेच जड जाते. मोडलेल्या कॉलरबोनचा खर्च सांगितला की मग गप्प बसतात.

झोळी सुरुवातीला गुडघ्याच्या उंचीवर ठेवावी, खाली जाड गादी, भोवती पाच-सहा फूट मोकळे. टीपॉय, काचेचे कपाट, खिडकीची कड यांपैकी काही आड नको. त्याच खोलीत पंखा फिरत असेल तर तो बंद. मंगळसूत्र, बांगड्या, ओढणी काढून ठेवावी, केस बांधावेत. घरात एकटे असताना उलटे होऊ नये. आणि लहान मूल असलेल्या घरात झोळी वापरून झाली की काढून कपाटात ठेवायची, नुसती वर गुंडाळून नाही. लोंबणारे कापड मुलाच्या गळ्यात अडकायला एक मिनिटही पुरते, आणि मूल ओरडतही नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. छत भक्कम असले तरी उलटे लटकणे सर्वांसाठी नाही. डोके खाली केले की डोळ्यातील दाब वाढतो. शीर्षासनात तो सुमारे दुप्पट होतो. काचबिंदू असलेल्यांनी, दृष्टिपटलाचा आजार किंवा नुकतेच डोळ्याचे ऑपरेशन झालेल्यांनी हे करू नये. रक्तदाब ताब्यात नसणारे, हृदयविकाराचे रोगी, गरोदर स्त्रिया, हाडे ठिसूळ झालेली वयस्क मंडळी, चक्कर येणारे आणि घशाशी आंबट येणारे यांनीही नाही. काचबिंदू बहुतेकांना असून ठाऊक नसतो, म्हणून चाळिशीनंतर आधी डोळे तपासून घ्यावेत. जेवणानंतर चार तास लटकू नये हे सांगायला डॉक्टर नको.

"लटकल्याने सरकलेली गादी जागेवर बसते" असे पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. तसे होत नाही. ताण दिल्यावर स्नायू सैल पडतात, काही वेळ बरे वाटते, आणि पायावर उभे राहिले की शरीराचे वजन पुन्हा मणक्यांवर येते. बरे वाटणे वाईट नाही, पण त्यासाठी छत फोडायची गरज नाही. सतरंजीवर उताणे निजून दोन्ही पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, दहा मिनिटे. रोज अर्धा तास चाला. पायात बधिरपणा, पाऊल उचलताना कमजोरी, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, यांपैकी काही असेल तर ना झोका ना सतरंजी, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कोणी पडलेच तर काय करायचे तेही सांगतो, कारण त्या सकाळी नवऱ्याने एक गोष्ट अगदी बरोबर केली. त्याने बायकोला उठवून बसवले नाही. आपल्याकडे पडलेल्या माणसाला चौघे मिळून उभे करतात आणि पाणी पाजतात. डोक्यावर किंवा मानेवर पडलेल्या माणसाची मान हलवू नये, दोन्ही बाजूंनी डोके स्थिर धरून ठेवावे, आणि १०८ ला फोन करावा. हातापायांना मुंग्या, बोटे न हलणे, मान दुखणे ही लक्षणे असतील तर रिक्षात घालून नेऊ नका. डोक्याला मार लागून माणूस बोलत असला तरी पुढचे चोवीस तास ओकारी, झापड, वाढती डोकेदुखी यांवर लक्ष ठेवा.

बाई परवा दाखवायला आल्या होत्या. हाड जुळते आहे. झोक्याचे काय, असे विचारले तर म्हणाल्या, कापड धुऊन ठेवले आहे, मुलीच्या घरची स्लॅब नवी आहे. मी इंजिनियर मित्राचा फोन नंबर लिहून दिला.

तो हुक मी त्यांच्याकडून मागून घेतला. आता तो माझ्या टेबलावर असतो. कंबरदुखीचा रोगी लटकण्याचे विचारू लागला की त्याच्या हातात देतो. बोट लावले की पापुद्रा सुटतो आणि टेबलावर तांबडी भुकटी सांडते. कंपाउंडर रोज कुरकुरत पुसून काढतो.