खिंड किती दिवसांत उघडली, एवढंच विचारू नका

दरवर्षी मार्च सरता सरता एक बातमी येते. झोजीला खिंड उघडली. इतक्या दिवसांत उघडली, मागच्या वर्षीपेक्षा लवकर उघडली. दोन्ही बाजूंना घराएवढ्या उंच बर्फाच्या भिंती, मधून जाणारा ट्रकांचा पहिला ताफा आणि हिरवा झेंडा दाखवणारे अधिकारी. आपल्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो दिवसभर फिरत असतो. साडेअकरा हजार फुटांवरची ही खिंड काही दशकांपूर्वी वर्षातले जवळजवळ सहा महिने बंद असायची. २०२३ मध्ये ती ६८ दिवस बंद राहिली, २०२४ मध्ये ३५ दिवस आणि २०२५ मध्ये फक्त ३२ दिवस. सीमा सडक संघटनेच्या म्हणजे बीआरओच्या लोकांनी हे करून दाखवलं आणि त्यासाठी त्यांना सलाम केलाच पाहिजे.

तरीही माझं एक म्हणणं आहे. दिवसांचा हा आकडा आपण ज्या उत्साहाने मोजतो, त्याच उत्साहाने दुसराही एक आकडा मोजायला हवा. तो रस्ता मोकळा करताना किती माणसं बर्फाखाली गेली, आणि त्यातली किती जाण्याची गरज नव्हती?

हे मी म्हैसूरच्या हेब्बाळमधून लिहितोय. फौज सुटल्यावर मुलीच्या नोकरीमुळे इथे आलो आणि इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात लागलो. इकडे मार्च-एप्रिलमधला पाऊस म्हणजे आनंदाची गोष्ट. आपण ज्यांना आम्रसरी म्हणतो, त्या सरी. शेजारच्या कोडगूत तर याच पावसाची वाट बघतात, कारण दोन सरी वेळेवर झाल्या की कॉफीला फुलं धरतात. संध्याकाळी वीज कडाडते, तासभर झोडपतो, रात्री गार वारा सुटतो आणि माणूस सुखाने झोपतो. त्याच आठवड्यांत काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडात जो पाऊस आणि बर्फ पडतो, त्याची जात वेगळी आहे. ज्यांनी तिकडे सेवा केली त्यांना सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगतो.

उत्तरेतल्या या वादळांना हवामान खातं पश्चिमी झंझावात म्हणतं. फौजेत आम्ही नुसतं ‘डब्ल्यूडी’ म्हणायचो. ही भूमध्य समुद्र, कॅस्पियन समुद्र अशा भागांतून निघतात, उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत येतात आणि हिमालयाला धडकतात. मग सखल भागात पाऊस आणि डोंगरावर बर्फ. पंजाब-हरियाणाच्या गव्हाला हे पाणी लागतं, नद्यांना आणि हिमनद्यांनाही लागतं. त्यामुळे या वादळांना शत्रू म्हणण्यात अर्थ नाही. आपल्या महाराष्ट्रालाही ही अगदीच परकी नाहीत. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आठवा. मराठवाड्यात आणि विदर्भात उभी पिकं आडवी झाली, द्राक्षबागा गेल्या. त्यामागेही उत्तरेकडच्या या झंझावातांचा हात होता.

वसंतातला बर्फ जास्त दगा देतो, त्याची कारणं साधी आहेत. जानेवारीत थंडी एकसारखी असते आणि बर्फाचे थर बरेचसे गोठलेले राहतात. मार्च-एप्रिलमध्ये दिवसा ऊन, रात्री गोठण. वरचा थर वितळतो आणि पुन्हा गोठून काचेसारखा गुळगुळीत होतो. त्यावर एखाद्या वादळाने दोन-तीन फूट नवा बर्फ टाकला की तो जुन्याला नीट धरत नाही. ऊन चढलं किंवा बर्फावर पाऊस पडला की पाणी आत मुरतं, वजन वाढतं आणि ३० ते ४५ अंशांचा उतार असेल तर सगळा थर खाली येतो. ओला बर्फ सिमेंटच्या गाऱ्यासारखा जड असतो आणि थांबला की आवळून बसतो. त्यात गाडला गेलेला माणूस हातही हलवू शकत नाही. पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढला तर बहुतेक वेळा वाचतो. त्यापुढे प्रत्येक मिनिट त्याच्या विरुद्ध जातं.

त्यात आता ऋतूही सरकतोय. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग बर्फाविना कोरडं होतं. २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत पुढे ढकलाव्या लागल्या, आणि महिना संपताना बर्फ असा आला की रस्ते बंद पडले. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की पश्चिमी झंझावातांचा हंगाम लांबत चालला आहे. जून महिन्यात ते गेल्या २० वर्षांत आधीच्या ५० वर्षांच्या दुप्पट प्रमाणात आले. म्हणजे ‘मार्च आला, आता वरचे रस्ते खुले करा’ हे आपलं जुनं कॅलेंडर विश्वासाचं राहिलेलं नाही.

फेब्रुवारी २०२५ च्या अखेरच्या त्याच वादळाने झोजीला बंद केली. त्याच वादळात, २८ फेब्रुवारीच्या सकाळी, बद्रीनाथच्या पुढच्या माणा गावाजवळ बीआरओच्या रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन झालं. ५४ माणसं सापडली. सेना, आयटीबीपी आणि इतर दलांनी तीन दिवस झटून ४६ जणांना वाचवलं, आठ गेले. चंदिगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेने आदल्याच दिवशी चमोलीसह उत्तराखंडाच्या उंच भागांसाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता. चार वर्षांपूर्वी, २३ एप्रिल २०२१ रोजी, त्याच चमोली जिल्ह्यात नीती खोऱ्यातल्या सुमनाजवळ हेच घडलं होतं. आधी काही दिवस पाऊस आणि बर्फ, मग मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन. सेनेने ३८४ जणांना सुखरूप काढलं, तरी दहाहून अधिक मजूर गेले. जिल्हा तोच, ऋतू जवळपास तोच, आणि दोन्ही वेळा बर्फाखाली गेली ती रस्ता करणाऱ्यांची छावणी.

आता फौजेतली गोष्ट सांगतो. माझी दोन वर्षं उत्तर काश्मीरमधल्या एका पोस्टवर गेली. एकदा मार्चअखेरीस तीन दिवस बर्फ पडला आणि चौथ्या दिवशी लख्ख ऊन. खालच्या पोस्टवर आमची डाक आणि ताजी भाजी येऊन पडलेली. पोरं तयार होती, दोर बांधायचे आणि निघायचं. कंपनी कमांडर साहेबांनी सांगितलं, “कोई मूव्हमेंट नहीं.” आणखी दोन दिवस आम्ही डबाबंद राजमा खात बुखारीभोवती बसलो आणि साहेबांच्या नावाने मनातल्या मनात बोटं मोडली. तिसऱ्या पहाटे, अंधारात, बर्फ कडक असताना नाला ओलांडला आणि ऊन चढायच्या आत परत आलो. या सगळ्यात काहीच घडलं नाही. थांबण्याच्या हुकमाचं यश असंच असतं, त्याचा फोटो निघत नाही.

हुकूम, प्रशिक्षण, साधनं, कुत्री, हेलिकॉप्टर हे सगळं असूनही डोंगर माणसं नेतोच. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनच्या सोनम पोस्टवर, १९,६०० फुटांवर, १९ मद्रासचे दहा जण गाडले गेले. धारवाड जिल्ह्यातले लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत गेले. त्या दहांत एक जण आमच्या म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातला होता आणि एक साताऱ्याच्या माण तालुक्यातला, नर्सिंग असिस्टंट. एप्रिल २०१७ मध्ये बटालिकला तीन जवान गेले. सगळी तयारी असलेल्या सैनिकाची ही गत, तर झारखंड-बिहारमधून आलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघणाऱ्या मजुराची काय असेल?

त्याला ‘आज थांब’ म्हणणारा कमांडर कोण? तो रोजंदारीवर असतो. काम बंद म्हणजे रोज बंद. सैनिक दोन दिवस बंकरात बसला तरी पगार कापला जात नाही. मजुराच्या मनात थांबण्याची इच्छा असली तरी खिशाला ते परवडत नाही, आणि ठेकेदाराला तर त्याहून नाही.

आमच्या कारखान्याच्या गेटवर एक फलक आहे. अपघाताविना किती दिवस गेले, तो आकडा त्यावर रोज बदलतो. आत प्रत्येक यंत्रावर लाल बटण आहे. काही गडबड दिसली तर कालच कामावर आलेला हेल्परही ते दाबू शकतो, सुपरवायझरला विचारायची गरज नाही. उत्पादन थांबलं म्हणून त्या पोराचा पगार कापत नाहीत. सपाट जमिनीवर, छपराखाली, दहा मिनिटांवर दवाखाना असताना आपण एवढी काळजी घेतो. हिमस्खलनाच्या वाटेवर बुलडोझर चालवणाऱ्यांसाठी मात्र आपला फलक एकच: किती दिवसांत उघडली.

काही जुने सहकारी म्हणतील, रस्ता थांबवून चालणार नाही. बरोबर आहे. लडाखमधल्या फौजेचं रेशन, तेल, दारूगोळा याच रस्त्याने चढतं, हिवाळ्याचा साठा उन्हाळ्यातच भरावा लागतो, विमानाने नेलं तर खर्च अनेक पटींनी वाढतो. १९४८ मध्ये कोडगूच्याच जनरल थिमय्यांनी झोजीलावर रणगाडे चढवले नसते तर लडाखचा इतिहास वेगळा झाला असता. रस्त्याची किंमत मला ठाऊक आहे. पण इशारा आलेल्या दोन दिवसांत काम थांबवल्याने लडाख हातचं जात नाही. २०२५ मध्येही १६ मार्चपर्यंत खराब हवेत खिंड बंद राहिली, १७ तारखेपासून काम जोरात झालं आणि १५ दिवसांत रस्ता मोकळा. हवा उघडेपर्यंत थांबूनही विक्रम होतो, हे बीआरओनेच दाखवून दिलंय.

म्हणून माझ्या मागण्या चारच आहेत. एक, डीजीआरईचा इशारा आला की ठरलेल्या पातळीच्या वर छावणी आपोआप रिकामी व्हावी. त्यासाठी कुणाच्या मर्जीची वाट बघायला लागू नये. दोन, इशाऱ्यामुळे बंद राहिलेल्या दिवसांचा रोज मजुराला मिळावा आणि तो ठेक्यातच लिहिलेला असावा. तीन, हिमस्खलनाच्या जुन्या वाटा नकाशावर आहेत, त्यांच्या पायथ्याशी छावणी नको. शिवाय वर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर जवानासारखं शोधयंत्र हवं, शोधायला शिकवलेला माणूस छावणीतच हवा. चार, खिंड उघडल्याच्या सरकारी पत्रकात दिवसांच्या आकड्याशेजारी जखमी आणि मृतांचा आकडाही छापावा. शून्य असेल तर मोठ्या अक्षरात छापावा, कारण खरी शाबासकी त्याचीच आहे. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने बीआरओच्या रोजंदारी मजुरांसाठी १० लाखांचा विमा मंजूर केला, ते चांगलंच झालं. पण तो विमा घरी पोचतो तेव्हा माणूस पोचलेला नसतो.

आणि वाचकहो, थोडं आपल्यासाठीही. मे महिन्यात लेह-लडाखची सहल काढणारी, मार्चअखेरीस गुलमर्ग-सोनमर्गला ‘शेवटचा बर्फ’ बघायला जाणारी मराठी कुटुंबं मी खूप बघतो. २० एप्रिल २०२५ ला रामबनमध्ये एवढा पाऊस झाला की तीन जीव गेले आणि जम्मू-श्रीनगर महामार्ग चिखलाखाली बंद पडला. रस्ता अडला की हॉटेलचं बुकिंग, विमानाचं तिकीट यांवरून आपण ड्रायव्हरशी, जवानाशी वाद घालतो. घालू नका. तिकडे कुणी ‘आज नाही’ म्हणाला तर त्याचं ऐका आणि चहा पीत बसा. तुमच्या घाईचं वजन शेवटी फावडं हातात घेतलेल्या एका माणसावरच पडतं.

पुढच्या मार्चमध्ये तो फोटो ग्रुपवर येईल तेव्हा जरूर टाळ्या वाजवा. फक्त त्याखाली एक प्रश्न लिहा: सगळे खाली आले का? आपण माजी सैनिकांनी हे विचारलं तर त्याला कुणी देशाच्या विरोधातलं म्हणू शकणार नाही.

जय हिंद.