यंत्राचा आकडा व आपली बुद्धि

गेल्या वर्षीं मधल्या सुटींत इयत्ता नववींतील एक विद्यार्थी खिन्न मुद्रेनें मजकडे आला. आदल्या दिवशीं खेळलेल्या बुद्धिबळाच्या डावांतील एक स्थिति त्यानें घरीं संगणकाच्या दोन प्रोग्रामांपुढें ठेविली होती. एकानें त्याची बाजू स्पष्टपणें वरचढ ठरविली. दुसऱ्यानें तीच स्थिति जवळजवळ समान मानली. "सर, यांतलें खरें कोणतें?" असें त्यानें विचारिलें. जेथें यंत्रांचें एकमत होत नाहीं तेथें तुझी अक्कल काय चालणार, असें त्याचे वडील म्हणाले होते. हें मत मला मान्य नाहीं. उलट, जेथें यंत्रांचें एकमत होत नाहीं तेथेंच आपल्या बुद्धीचें काम सुरू होतें.

हे आकडे येतात कोठून? १९५० सालीं क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानें संगणकास बुद्धिबळ शिकविण्याविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. वजिरास ९, हत्तीस ५, उंट व घोडा यांस प्रत्येकीं ३ व प्याद्यास १ असें मोल धरावें आणि त्यांत मोहऱ्यांच्या जागेचा व हालचालीचा हिशेब मिळवावा, असें त्यानें सुचविलें. पुढील बहुतेक प्रोग्राम याच वाटेनें गेले. २०१७ सालीं आलेला अल्फाझीरो मात्र स्वतःशींच लक्षावधि डाव खेळून, अमुक स्थितींतून निकाल काय लागेल याचा अंदाज करावयास शिकला. सेकंदास सुमारें ८० हजार स्थिति पाहणाऱ्या या प्रोग्रामानें ७ कोटि पाहणाऱ्या स्टॉकफिशशीं १०० डाव खेळून २८ जिंकले व ७२ बरोबरींत सोडविले.

शिवाय मापही एक नसतें. स्टॉकफिशमध्यें पूर्वीं १ हा आकडा साधारणतः एका प्याद्याचें आधिक्य दाखवी. २०२२ च्या अखेरच्या आवृत्तीपासून यंत्रायंत्रांच्या खेळांत जिंकण्याची शक्यता निम्मी, असा त्याचा अर्थ ठरविण्यांत आला. एक जण शेरानें मोजतो व दुसरा हातानें; मग नुसते आकडे शेजारीं मांडून काय उपयोग?

२०१७ सालींच पेनरोज यांच्या नांवानें एक स्थिति प्रसिद्ध झाली. पांढऱ्याजवळ राजा व ४ प्यादीं. काळ्याजवळ राजाखेरीज वजीर, २ हत्ती, ३ उंट व ५ प्यादीं. शॅननच्या मोलानें ४ विरुद्ध ३३! त्या वेळच्या प्रचलित प्रोग्रामांनीं काळ्यास मोठें आधिक्य दिलें. परंतु काळ्याचे वजीर व हत्ती दाटींत कोंडलेले आहेत आणि तिन्ही उंट काळ्या घरांवरचे आहेत. पांढरा राजा मारामारीच्या लोभांत न पडतां पांढऱ्या घरांवरच फिरत राहिला, तर डाव बरोबरींत सुटतो. हें एखादा शांतपणें पाहणारा मुलगाही ओळखूं शकतो.

यावरून यंत्र टाकाऊ आहे असें मी म्हणत नाहीं. त्याच्याशीं खेळून जिंकणें आज जगज्जेत्यासही कठीण आहे. परंतु त्याचा आकडा हा अभिप्राय आहे, कारण नव्हे. आणि शिक्षण कारणें शोधण्यांत आहे. म्हणून विद्यार्थ्यांनीं प्रथम आपलें मत कारणांसह वहींत लिहावें, मग यंत्रास विचारावें, आणि मतभेद आढळल्यास पट मांडून पुढील चाली स्वतः खेळून पाहाव्या. पालकांनींही "आकडा किती आला?" असें न विचारतां "तुला काय दिसलें?" असें विचारावें.

त्या विद्यार्थ्यानें व मीं दुसऱ्या दिवशीं पट मांडला. घंटा होईपर्यंत आमचा निर्णय झाला नाहीं. पण त्याची खिन्नता गेली होती.