संकल्पाकडून सवयीकडे

नववर्ष आणि संकल्प यांचे नाते फार जुने आहे. आपल्या विशाल देशात तर नववर्षाचा दिवसही एकच नाही. महाराष्ट्रात चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढी उभारली जाते, गुजरातेत दिवाळीनंतरच्या प्रतिपदेला नव्या वर्षाचे स्वागत होते, बंगाल आणि तामिळनाडूत ते एप्रिलच्या मध्याला येते आणि एक जानेवारी तर आता सर्वांचीच झाली आहे. दिवस कोणताही असो, त्या दिवशी माणसाचे मन उभारी घेते. 'उद्यापासून पहाटे उठेन', 'रोज तीन तास अभ्यास करीन', असे निश्चय घरोघरी होतात. नवी वही आणली जाते, तिच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात वेळापत्रक लिहिले जाते. पहिला आठवडा उत्साहात जातो. मग घरी पाहुणे येतात, कोणी आजारी पडते, कारखान्यातील कामाची पाळी बदलते आणि एक दिवस चुकतो. त्यापाठोपाठ दुसरा चुकतो. वहीची पुढची पाने कोरी राहतात आणि आपण स्वतःविषयी निकाल देऊन मोकळे होतो : 'माझ्यात निश्चयच नाही.'

हा निकाल घाईचा आहे, असे मला वाटते. संकल्प मोडतो त्याचे कारण बहुधा माणसाचा दुबळेपणा नसतो. संकल्प ही एका क्षणाची भावना असते, तर अभ्यास हे शेकडो दिवसांचे काम असते. एका दिवसाच्या उत्साहाच्या बळावर वर्षभराचा गाडा ओढता येत नाही. तो ओढण्यासाठी सवय लागते, आणि सवय कशी जडते याचे काही नियम आहेत. ते ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ चांगले संकल्प अकाली संपतात.

एकवीस दिवस एखादी गोष्ट केली की तिची सवय होते, असे आपण अनेकदा ऐकतो. या समजुतीचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सापडते. शस्त्रक्रियेनंतर आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला 'किमान' हा शब्द पुढे गळून पडला आणि निरीक्षणाचा नियम झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ स्वयंसेवकांच्या सवयींचा बारा आठवडे अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नवी कृती आपोआप घडू लागण्यास सरासरी ६६ दिवस लागतात, असे त्यांना आढळले. मात्र माणसामाणसांत आणि कृतीकृतीत फार अंतर होते. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला तब्बल २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. याच अभ्यासातून आणखी एक दिलासा देणारी गोष्ट पुढे आली. मधला एखादा दिवस चुकला, तरी सवय जडण्याच्या क्रियेत फारसा खंड पडत नाही. चुकलेल्या दिवसापेक्षा त्या दिवसाबद्दलची निराशाच अधिक नुकसान करते, असे यावरून म्हणावेसे वाटते.

मग सवय लावावी कशी? पहिली गोष्ट अशी की, नवी कृती एखाद्या जुन्या, ठरलेल्या कृतीला जोडावी. 'वेळ मिळेल तेव्हा वाचेन' हा संकल्प वाऱ्यावरचा असतो. 'सकाळचा चहा झाला की खिडकीपाशी बसून दोन पाने वाचेन' या संकल्पाला वेळ आणि जागा दोन्ही असतात. चहा रोज होतो. त्यामुळे वाचनाची आठवण करून देण्यास दुसरे कोणी लागत नाही. दुसरी गोष्ट, आरंभ लहान असावा. तीन तासांचा निश्चय तीन दिवस टिकण्यापेक्षा वीस मिनिटांचा निश्चय तीन महिने टिकणे अधिक मोलाचे आहे. आषाढी वारीत आळंदीहून निघालेली पालखी पंढरपूरचे सुमारे अडीचशे किलोमीटरांचे अंतर एका दिवसात कापत नाही. रोजचा मुक्काम ठरलेला असतो आणि वारकरी त्या दिवसापुरतेच चालतो.

त्या वीस मिनिटांत काय करावे, यालाही महत्त्व आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली असे दाखवून दिले की, शिकलेल्या गोष्टीचे विस्मरण आरंभी फार झपाट्याने होते आणि पुढे त्याचा वेग मंदावतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री सलग केलेल्या घोकंपट्टीपेक्षा थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक तुलना केली. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. पुस्तक मिटून आठवणे त्या वेळी कष्टाचे वाटते, परंतु तेच कष्ट ज्ञान पक्के करतात.

येथे मनोवृत्तीचा प्रश्न येतो. कष्ट पडले की एकजण म्हणतो, 'मला हे जमण्यातले नाही'. दुसरा म्हणतो, 'मला हे अजून जमलेले नाही'. दोन वाक्यांत शब्दांचा फरक थोडा आहे, पण पहिले वाक्य दार लावून घेते आणि दुसरे ते उघडे ठेवते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी या दुसऱ्या वृत्तीचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. तिला आपण विकासशील मनोवृत्ती म्हणू. १९९८ मध्ये त्यांनी आणि क्लॉडिया म्युलर यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. 'तू हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुले पुढे सोपी कोडी निवडू लागली आणि अपयश येताच लवकर खचली. 'तू मेहनत घेतलीस' अशी शाबासकी मिळालेली मुले मात्र कठीण कोड्यांकडे वळली आणि अपयशानंतरही टिकून राहिली. हुशारीचा शिक्का जपण्याच्या भीतीने शिकणेच थांबते, हा त्याचा अर्थ.

तरीही या विचाराचा जयघोष करताना तारतम्य सोडता कामा नये. २०१९ मध्ये अमेरिकेतील नववीच्या बारा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बुद्धी प्रयत्नांनी वाढू शकते, असे तासाभराहून कमी वेळात समजावून दिल्यावर अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या गुणांत सुधारणा झाली; परंतु ती अल्प होती. आणि जेथे भोवतालची मुले आव्हान स्वीकारणाऱ्याला साथ देणारी होती, तेथे तिचा लाभ अधिक दिसला. म्हणजे मनोवृत्ती ही जादूची कांडी नाही. बी चांगले असले तरी जमीन आणि पाणी लागतेच.

आपल्याकडे याचे बोलके उदाहरण रमाबाई रानडे यांचे आहे. १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. दिवसभराची घरकामे आटोपल्यावर रात्री पतीजवळ बसून त्या शिकू लागल्या. आधी मराठी आणि पुढे इंग्रजी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचत नव्हते. टोमणे ऐकावे लागत, अबोला सोसावा लागे. उलट उत्तर न देता रमाबाईंनी रोजचा पाठ मात्र सोडला नाही. पुढे त्या सभांतून बोलू लागल्या, पुण्याच्या सेवासदनाच्या कार्यात अग्रभागी राहिल्या आणि १९१० साली त्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे मराठीतील महत्त्वाचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. एका निरक्षर मुलीपासून एका ग्रंथाच्या लेखिकेपर्यंतचा हा प्रवास रोजच्या पाठांनी घडवला.

या कथेतील एक गोष्ट मात्र आपण नजरेआड करतो. रमाबाईंची जिद्द मोठी होती, तशीच त्यांच्यासाठी रात्रीचा तो वेळ राखून ठेवणारी व्यक्तीही घरात होती. आज कितीतरी घरांत शिकू पाहणाऱ्या मुलीच्या, सुनेच्या किंवा आईच्या वाट्याला असा अर्धा तासही येत नाही. पाणी भरायचे आहे, स्वयंपाक व्हायचा आहे, लहानग्याला निजवायचे आहे. तिचे पुस्तक सर्वांत शेवटी. हॉटेलात किंवा कारखान्यात राबणाऱ्या तरुणाचीही हीच स्थिती. अशा वेळी 'मनात आणले तर सारे जमते' असे दुरून सांगणे सोपे असते, पण ते न्याय्य नसते. सवय लावण्याची जबाबदारी शिकणाऱ्याची आहे, हे खरे. ती लावता येईल एवढी सवड आणि शांतता देण्याची जबाबदारी मात्र घराची आहे. घरातील एकाने भांडी घासली, दुसऱ्याने दूरदर्शन संचाचा आवाज कमी केला, तर त्या घराने एका माणसाच्या शिक्षणाला हातभार लावला असे समजावे.

मुक्त शिक्षणाच्या विद्यार्थ्याला या विचाराची गरज अधिक आहे. त्याला शाळेची घंटा नाही, हजेरीपट नाही, 'गृहपाठ दाखव' म्हणणारे गुरुजी रोज समोर नाहीत. अनेकांच्या मनावर पूर्वीच्या अनुत्तीर्णतेचा ओरखडाही असतो. परंतु गुणपत्रिका ही एका परीक्षेतील त्या दिवसाची नोंद असते. ती माणसाच्या बुद्धीची कायमची मोजदाद नव्हे. महर्षी धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेत मुरुडहून शंभराहून अधिक मैल पायी चालत साताऱ्याला परीक्षेसाठी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. ते परत आले आणि पुन्हा अभ्यासाला लागले. १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले, १८८४ मध्ये पदवीधर झाले आणि १९१६ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ उभे केले.

म्हणून नव्या वर्षी मोठ्या संकल्पांची यादी करण्यापेक्षा एकच लहान गोष्ट निवडावी. तिची वेळ ठरवावी, जागा ठरवावी आणि घरातल्यांना ती सांगून ठेवावी. दिवस चुकला तर स्वतःला दोष देत न बसता दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा बसावे. थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण म्हणतो. तळे साचायला किती दिवस लागतील, हे कोणालाच आधी सांगता येत नाही. आजचा थेंब मात्र आपल्या हाती असतो. त्यासाठी गुढीपाडव्याची किंवा एक जानेवारीची वाट पाहण्याचेही कारण नाही. पुस्तक उघडले, तो दिवस आपला पाडवा.