कुत्र्यावर चाचणी, माणसाला मान्यता, जनावराला काय?

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

महोदय, आधीच्या अर्जांची पोच मिळाली, उत्तर नाही; म्हणून हे खुले पत्र. अर्ज ज्या कार्यालयात विसावले आहेत, त्याचे नाव लिहून तिथली झोपमोड करत नाही. विषय आपल्याला ठाऊक आहेच: टाके घालून न मिटणाऱ्या जनावरांच्या जखमा भरून आणणारे, पेशी काढून टाकलेल्या ऊतींचे जाळे.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून ‘कोलेडर्म’ तयार केले. पेशी धुऊन काढायच्या, कोलॅजनचा सांगाडा ठेवायचा. वेलीला मांडव, तसा नव्या पेशींना तो आधार. उंदीर, ससे आणि कुत्र्यांवर तपासून झाल्यावर 2023 मध्ये त्याला माणसांसाठी मान्यता मिळाली. उपचाराचा खर्च 10,000 रुपयांवरून 2,000 वर येईल, असे केंद्र सरकारनेच जाहीर केले. उत्तम! पण कच्चा माल जनावराचा, चाचणीचा घाव जनावराच्या अंगावर, आणि लाभार्थींच्या यादीत जनावर कुठे? 2019 च्या पशुगणनेत देशात 53.58 कोटी पशुधन मोजले गेले. त्यातले सुमारे 3.3 कोटी आपल्या राज्यातले. त्यांच्या किती दवाखान्यांत हे जाळे मिळते, तो आकडा जाहीर करा. गाडीखाली आलेल्या कुत्र्याच्या पायाची कातडी सोलून निघते, हाड दिसते. मग वारंवार पट्टी सोडायची, अळ्या वेचायच्या, पुन्हा बांधायची. याला आपण उपचार म्हणतो.

खर्च परवडणार नाही, असे सांगितले जाईल. 1971 पासून चालणाऱ्या देवनार कत्तलखान्यात कच्चा माल रोज निघतो. डुकराचे नको असेल, तर इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेत म्हशीचे हृदयावरण आणि रोहू माशाचा वाताशय यांवर काम झालेले आहे. जंतुसंसर्गाचा आक्षेप मात्र रास्त आहे: पू झालेल्या जखमेवर जाळे टिकत नाही; आधी ती साफ करावी लागते आणि साध्या टाक्यांच्या जखमेला त्याची गरजही नसते. म्हणूनच ते सरसकट वाटू नका. कुठल्या जखमेला लावायचे हे ठरवणारे शल्यतज्ज्ञ आधी नेमा. 1886 पासून परळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथे वर्षभर प्रयोग करा, जखम किती दिवसांत भरली ते नोंदवा आणि निष्कर्ष छापा. हेही जमणार नसेल, तर नकाराचे कारण लेखी द्या. पोच आमच्याकडे भरपूर आहेत.

आपला,
एक नागरिक, फणसवाडी, गिरगाव