पार्ट बदलणं म्हणजे निदान नव्हे

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण दुखणं तेच आहे.

कपाशीची पानं लाल पडली की आपण थेट दुकान गाठतो आणि मिळेल ते फवारतो. मॅग्नेशियम कमी पडलंय की तुडतुडे आहेत, हे पान उलटून बघत नाही. जुन्या गाडीचं इंजिन मिसिंग मारायला लागलं की हाच प्रकार.

आमच्या चुलतभावाने भाजी न्यायला जुनी तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी घेतली. उभी असली की थरथरायची, चढाला दम टाकायची. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने तिन्ही कॉइल, तिसऱ्याने पेट्रोलचा पंप. नऊ हजार गेले, थरथर तशीच. चौथा म्हणाला, कॉम्प्युटर बदला!

माझं मत असं की तपासल्याशिवाय एकही पार्ट बदलू नये. आणि तपासायचा एक क्रम असतो. स्कॅनरवर पी०३०२ आला म्हणजे दुसऱ्या सिलिंडरला मिसफायर. स्कॅनर जागा सांगतो, कारण नाही. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. नाही हलला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची. यात खर्च फक्त वेळेचा. नुसतं उभ्यावर थरथरत असेल आणि रेस दिल्यावर सुधारत असेल, तर व्हॅक्यूमचे रबरी पाइप चिरलेत का बघा. तरीही कोड तिथंच, तर कॉम्प्रेशन मोजा.

भावाच्या गाडीचा कोड हललाच नाही. कॉम्प्रेशन मोजलं तर कडेचे दोन्ही सिलिंडर सारखे, मधला बराच खाली. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, आकडा वाढला नाही. वाढला असता तर संशय रिंगवर गेला असता. आता संशय वाल्ववर. मग चौकशीत कळलं की गाडी आधी सीएनजीवर चालायची, किट काढून विकलेली. गॅसवर वाल्वची सीट लवकर झिजते, वाल्व वर सरकतो, टॅपेटचा गॅप संपतो आणि वाल्व पूर्ण मिटत नाही. गॅप नीट बसवला, थरथर गेली. पुढे तो अधूनमधून तपासावा लागणार, हेही खरं.

हे शोधणाऱ्या मिस्त्रीने तपासणीचे सहाशे मागितले, तर भाऊ घासाघीस करायला लागला. नऊ हजारांच्या पार्टला मात्र चूं केलं नव्हतं! आपण डोक्याचे पैसे देत नाही, डब्यातल्या वस्तूचे देतो. मग गॅरेजवाला वस्तूच विकणार. माती परीक्षण टाळून खताच्या गोण्या आणणारे आपणच ना?

जुनी गाडी घेताना एवढं करा: आरसी बुकात इंधन काय लिहिलंय ते वाचा आणि पैसे देण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्या.