सातमाशी बाळांचा गोतावळा

सातमाशी मूल जगलें तर देवाची कृपा आणि गेलें तर आईचें कांहीं चुकलें, एवढ्यावर आपल्या घरांत हा विषय संपतो. अमेरिकेंतील अशा मुलांच्या कुटुंबांनीं निराळी वाट धरली आहे.

बालपक्षाघाताच्या प्रतिकारासाठीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं १९३८ सालीं एक संस्था स्थापिली. लोकांनीं दहा-दहा सेंटांचीं नाणीं धाडलीं, म्हणून तिला 'मार्च ऑफ डाइम्स' हें नांव मिळालें. १९५५ सालीं लस सिद्ध झाली. पण संस्था न मोडतां पुढें तिनें आपलें लक्ष अर्भकांकडे वळविलें. १९७० पासून ती निधीसाठीं पदयात्रा भरवीत आली आहे. सदतीस आठवडे भरण्यापूर्वीं जन्मलेल्या मुलांचे आईबाप, आजीआजोबा तींत चालतात व आप्तेष्टांकडून वर्गणी गोळा करितात. कोणाचें मूल शेजारीं धांवत असतें. कोणाचें राहिलेलें नसतें, तरी ती आई चालतेच.

आपणांसही हें परकें नाहीं. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ सालीं डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं मातृदुग्धपेढी उघडली. एका मातेचें जादा दूध तेथें निर्जंतुक होऊन दुसरीच्या अशक्त बाळाला मिळतें. अशा दानाला द्रव्य लागत नाहीं. घरच्या वडीलधाऱ्यांचें उत्तेजन मात्र लागतें.

वाचकहो, आपल्या घरीं असें मूल वांचलें असेल, तर त्याच्या वाढदिवशीं जवळच्या प्रसूतिगृहाला यथाशक्ति कांहीं द्यावें. आणि ज्या सुनेचें वांचलें नाहीं, तिला कोणी बोल लावूं लागल्यास वडिलांनींच त्यास थांबवावें. अकाल प्रसूतीचें कारण पुष्कळदां डॉक्टरांनाही सांपडत नाहीं. तें सुनेच्या माथीं मारणारे आपण कोण?