नाताळचं ताट रिकामं परतवू नका

मैत्रिणींनो, डिसेंबर लागला की आपल्या चाळीत, कॉलनीत एखाद्या गॅलरीत कागदाची मोठी चांदणी झळकू लागते. शेजार ख्रिस्ती कुटुंबाचा असेल, तर नाताळच्या दिवशी क्रोशाच्या रुमालानं झाकलेलं एक ताट आपल्या दारी येतं. आपण हसून घेतो, शुभेच्छा देतो, दार लावतो आणि मग स्वयंपाकघरात खल सुरू होतो. यात अंडं असेल का? सासूबाईंना चालेल का? मुलांना द्यावं की नको? अशा विचारात ताट ओट्यावर तसंच राहतं आणि संध्याकाळी न चाखताच मोलकरणीच्या पिशवीत जातं.

बोलायला जरा कडू वाटेल, पण हे बऱ्याच घरांत घडतं. आणि घरातली मुलं ते बघत असतात. शाळेत आपण त्यांना सर्वधर्मसमभावावर निबंध लिहायला लावतो. घरी मात्र ती शिकतात की शेजारच्या मावशींचं खाणं आपलं नव्हे. म्हणून आज या ताटाचीच नीट ओळख करून घेऊ या.

गोव्याकडच्या शेजारणीच्या ताटात सर्वांत आधी दिसेल ती नेवरी. नाव वेगळं, पण ही आपली करंजीच. गोव्यातल्या हिंदू घरांत चवथीला गणपतीपुढे नेवऱ्या असतात आणि ख्रिस्ती घरांत त्याच नेवऱ्या नाताळला असतात. दुसरा पदार्थ दोदोल. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ एकत्र करून जाड बुडाच्या भांड्यात तासन् तास ढवळायचं. हात भरून येतात, म्हणून दोघी-तिघी पाळीपाळीनं ढवळतात. दोस म्हणजे हरभऱ्याची डाळ, खोबरं आणि साखर यांची वडी. पेराद म्हणजे पेरूच्या गराची वडी. कुलकुल म्हणजे शंखासारखे वळलेले गोड शंकरपाळेच म्हणा ना! यांपैकी दोदोल, दोस आणि पेराद यांत साधारणपणे अंडं नसतं. नेवरीतही बहुधा नसतं. कुलकुलात काही घरी घालतात, काही घरी नाही.

बिबिंक, रवा-खोबऱ्याची बोलिन्यास नावाची बिस्किटं आणि रव्याचा बाथ केक यांत मात्र अंडी असतात. बिबिंकाचं काम तर फार चिकाटीचं. एक थर ओतायचा, तो भाजला की तूप सोडून वर दुसरा, असे सात किंवा त्याहूनही जास्त थर. पूर्वी भांड्याच्या झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवून वरून आच देत. एवढी मेहनत पाहिल्यावर ‘आम्ही नाही हं खात’ एवढंच म्हणून विषय संपवणं बरं दिसत नाही.

आता हा फराळ इतका ओळखीचा का वाटतो? पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. वसई त्यांच्याकडे 1534 पासून होती, ती 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकून घेईपर्यंत. त्या काळात नवा धर्म आला, भट्टी आली, गोडात अंडी घालण्याची रीत आली. ‘नाताळ’ हा आपल्या तोंडी बसलेला शब्दही पोर्तुगीजच. त्याचा मूळ अर्थ जन्माशी निगडित. पण स्वयंपाकघरात नारळ, तांदूळ आणि गूळ तेच राहिले. युरोपातल्या नाताळात बर्फ असतो. आपल्याकडे त्या दिवशी ऊन असतं आणि नारळ खवला जातो.

भाषेचंही तसंच. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी येशूचं चरित्र मराठी ओव्यांत लिहिलं. ते ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं. वसईकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत आजही प्रार्थना मराठीत होते. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा ‘त्यांचा सण’ म्हणताना आपण जरा थांबायला हवं, नाही का?

मुलांना हे सांगायचं तर सोपी युक्ती आहे. दिवाळीत आपली मुलं किल्ला करतात आणि त्यावर आळीव किंवा मोहरी पेरतात. ख्रिस्ती घरांत मुलं येशूजन्माचा गोठा मांडतात. कित्येक घरी त्यासाठी आधीच वाटीत नाचणी किंवा गहू पेरून हिरवळ तयार करतात. बांबूच्या कामट्यांना कागद चिकटवलेली चांदणी म्हणजे आपल्या आकाशकंदिलाची बहीणच. एखाद्या संध्याकाळी मुलांना शेजारी गोठा मांडायला पाठवा. किल्ल्यावर ठेवलेली मातीची गाय तिथेही उपयोगी पडेल!

गोव्यात हे फराळाचं ताट शेजारीपाजारी पाठवण्याच्या रीतीला कोन्सुआद म्हणतात. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं, तिथं गोडधोड करत नाहीत. म्हणून इतर घरांतून तिथं आठवणीनं ताट जातं. आपल्याकडेही दुखवट्याच्या घरी दिवाळीचा फराळ करत नाहीत, तो भावकी आणि शेजार आणून देतो. दुःखात चूल थंड असते तेव्हा शेजारणीनं आपल्या चुलीवरचं आणून द्यायचं, हे दोन्हीकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आता फराळ विकत मिळतो आणि शुभेच्छा मोबाइलवर जातात. नोकरी सांभाळून दोदोल ढवळणं प्रत्येकीला जमेलच असं नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण विकतचं असो की घरचं, ताट दारापर्यंत न्यावं लागतं. दोन शब्द बोलणं होतं. ते थांबलं, तर अडीअडचणीला त्याच दारावर थाप मारताना आपल्यालाच संकोच वाटेल.

तेव्हा यंदा एवढं करून पाहा. ताट आलं की दारातच मोकळेपणानं विचारा, ‘यातलं बिनअंड्याचं कुठलं? आमच्या सासूबाईंना तेच देईन.’ केकातला सुका मेवा काही घरी रममध्ये भिजवतात, तेही विचारून घ्या. विचारल्याचा राग येत नाही. न विचारता टाकून दिल्याचं कळलं तर वाईट वाटतं. जे चालतं ते मुलांसमोर आवडीनं खा आणि दुसऱ्या दिवशी काय आवडलं ते सांगा. भांडं रिकामं परत करू नये, अगदी चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपल्या आजीची शिकवण. दोन लाडू किंवा चार केळी ठेवून आठवड्याच्या आत ताट परत करा. पुढे संक्रांतीला तिळगूळ द्यायला विसरू नका. आणि शेजारणीच्या घरी यंदा दुःख झालं असेल, तर तिच्या ताटाची वाट न पाहता आपणच काही करून न्या.

त्यासाठी बिनअंड्याच्या कुलकुलांची सोपी कृती देते. दोन वाट्या मैदा, पाव वाटी बारीक रवा, तीन मोठे चमचे पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ एकत्र करा. त्यावर दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन घालून हातानं चोळा. मग लागेल तसं नारळाचं दूध घालत घट्टसर पीठ मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ कोऱ्या फणीवर दाबून पसरा, मग एका कडेनं गुंडाळत आणा. रेघा उमटतात आणि शंख तयार होतो. कड नीट दाबा, नाहीतर तेलात उलगडतं. मंद आचेवर बदामी रंगावर तळा. साखर वाढवू नका. कुलकुल लवकर काळे पडतात आणि फुटतात. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

वळायला मुलांना बसवा, आणि जमलं तर शेजारणीलाही बोलवा. तिचा हात आपल्यापेक्षा भराभर चालेल. नाताळच्या सगळ्यांना शुभेच्छा!